पांढऱ्या निशाणाचा चैत्र

परवा दुपारी वारा फिरला. होळी होऊन पंधरा दिवस झाले की आमच्याकडे असा एक दिवस येतो. सकाळपर्यंत खाडीकडून येणारी मऊ हवा एकाएकी थांबते आणि घाटावरून कोरडी झुळूक उतरू लागते. बाकीच्यांच्या ते ध्यानातही येत नसेल. भिसेगावातल्या आमच्या आळीत बायका मिरच्या वाळत घालतात आणि आडव्या होतात. मला मात्र आधी ओठांना कळते. मग दाराच्या फळ्या आकसतात आणि फटीतून उन्हाची रेघ आत येते. पावसाळ्यात बरणीच्या कडेला धरून बसणारे मीठ वाळूसारखे सुटे होते. दोरीवर लुगडे टाकून मी आत जाऊन तांब्याभर पाणी पिऊन येते, तोवर ते वाळलेले असते. तेव्हापासून माझे चित्त ठिकाणावर राहत नाही.

"आली का आमची वेधशाळा बाहेर?" हे ओटीवरून विचारतात.

मी लुगड्याचा काठ चिमटीत धरून उभी असते. "हसा," मी म्हणते, "पण आज कोणी काडी ओढू नये असा दिवस आहे."

हे हसतात. पण हसून झाले की तेही एकदा डोंगराकडे बघून घेतात. कुठे धूर दिसत नाही ना, एवढेच बघतात, आणि पुन्हा सुपारी कातरू लागतात.

ही सवय मला लागली तेव्हा मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षे झाली होती. हे तेव्हा जंगलखात्यात गार्ड होते आणि आम्ही कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला चौकीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे ओटी, आणि परसाची हद्द संपली की रानच. साग, ऐन, किंजळ, मधूनमधून मोह. माघ सरला की सारा पाला खाली येई. दुपारी सरडा पळाला तरी कोणी पापड मोडल्यासारखा आवाज होई, आणि मी दचकून बाहेर बघे. खाली हाकेच्या अंतरावर ठाकरांची वाडी होती, वीसेक घरांची. तिच्या पुढून भाताची खाचरे उतरत उतरत कर्जतकडे जात.

हा भाग ज्याने पाहिला नाही त्याला चैत्रातली आमच्याकडची धांदल कळायची नाही. भाताचे रोप जिथे करायचे तो तुकडा आधी भाजावा लागतो. डहाळ्या, पाला, गवत, शेण पसरायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि पेटवायचे. याला राब म्हणतात. राब नीट भाजला नाही तर रोपाच्या आधी तण उठते. म्हणून चैत्रात साऱ्या वाडीला काडी ओढायची घाई, आणि त्याच चैत्रात जंगलखात्याला काडीची धास्ती. रानाच्या कडेला हिवाळ्यात गवत जाळून मोकळा पट्टा राखत, त्याला जाळरेषा म्हणत. पण वारा असला की ठिणगी तो पट्टा सहज ओलांडते.

त्या वर्षी नवे साहेब आले. देशावरचे होते, तरुण होते, आणि पुष्कळ वाचलेले होते. त्यांनी एका पेटीतून पाऱ्याच्या दोन नळ्या आणल्या आणि आमच्या ओटीवर सावलीच्या बाजूला शेजारी शेजारी टांगल्या. एक नुसती. दुसरीच्या फुग्यावर कापडाची वात गुंडाळलेली, वातीचे टोक खाली पाण्याच्या वाटीत. वात पाणी वर ओढते, ते पाणी हवेत सुकते, आणि सुकताना नळी गार होते. हवा जितकी कोरडी तितके पाणी भराभर सुकते आणि तितका ओल्या नळीचा पारा खाली राहतो. दोन्ही नळ्यांतला फरक म्हणजे रानाची तहान, असे साहेबांनी यांना सांगितले. मी दाराआडून ऐकले आणि मला ते फार पटले. लुगडे वाळताना अंगाला गार लागते, ते हेच!

सोबत एक पाटी होती. फरक दहा अंशांच्या आत असला तर पांढरे निशाण, राब भाजायला मोकळीक. अठरापर्यंत पिवळे, म्हणजे गार्ड समोर असेल तरच. त्यापुढे तांबडे. पिंपळाची पाने नुसती सळसळत असली तर काही नाही; पण बारीक फांद्या हलत असल्या तर एक रंग वर चढवायचा. वळवाची सर येऊन किती दिवस झाले तेही लिहायचे. रोज सकाळी दहाला, म्हणजे आगगाडी ठाकुरवाडी स्टेशनकडे घाट चढू लागली की, नळ्या वाचायच्या आणि बांबूवर निशाण चढवायचे.

हे पहाटेच भाकरी बांधून रानात फिरतीला जात. दहाला चौकीवर कुठून असणार? "तू चौथी शिकलीस," हे म्हणाले, "आकडे तुला दिसतात. तू लिही, मी खाली सही करीन." अशी ती नोंदवही माझ्याकडे आली.

मी माणसांपुढे बोलत नसे. परका पुरुष अंगणात आला तर माझा आवाज घशातच राही. खालापूरला माहेरी सगळे मला मुकी म्हणत. पण मी बांबूवर तांबडे फडके चढवले की खाली वीस घरांत काडी ओढली जात नसे. कोणाशी एक शब्द न बोलता मी साऱ्या वाडीला थांब म्हणत होते आणि वाडी थांबत होती. ते मला आवडू लागले होते. आता लिहायला काय हरकत आहे, आवडतच होते.

वाडीतला पदू ठाकर राब आणि दळी दोन्ही करी. दळी म्हणजे रानाच्या उतारावर नाचणी-वरी पेरायला सरकारने दिलेली जागा. पदूला नळ्यांची मोठी गंमत वाटे. तो अंगणात उकिडवा बसून त्यांच्याकडे बघे.

"बाय, ही काच सांगती रान किती वाळलंय ते?"

मी दाराआडून मान हलवी.

"आन मला इचारलं असतं तर मी फुकाट सांगितलं असतं!"

मग तो ऐनाचा पडलेला पाला मुठीत घेई आणि आवळी. पाला फडक्यासारखा दुमडला तर रान निजलेले आहे, खुशाल भाजा. मोडून तुकडे झाले तर जागे आहे, डोळा ठेवा. मुठीत पीठ झाले तर विडीसुद्धा खाली जाऊन ओढा. तो गेला की मी तोच पाला उचलून आवळून बघे आणि मग नळ्या बघे. बहुतेक जमत असे. त्याचे पीठ ते माझे तांबडे. साहेबांच्या पुस्तकातले आणि पदूच्या मुठीतले एकच निघे, याचे मला रोज नवल वाटे. कोणाला सांगायची मात्र सोय नव्हती.

त्या फाल्गुनाच्या अखेरीस ओळीने कितीतरी दिवस तांबडेच निशाण चढले. एखादा दिवस पिवळे, पण त्या दिवशी नेमके हे दूरच्या फिरतीवर. पदूची बायको जनी लाकडे घेऊन जाताना ओटीच्या पायरीवर टेके. ती माझ्याच वयाची होती आणि तिच्याशी मला बोलता येई.

"काय गं बाय, तुझ्या निशानाला का कावळा शिवलाय? रोजचं तांबडं!"

"जा गं, काहीतरीच तुझं."

"काहीतरी नाय. खालच्या कुणब्यांचं राब भाजून झालं. आमचा पाला उधळून चाललाय वाऱ्यानं. पुन्ना तोडायला गेलो तर तुझाच दादला आमास्नी धरंल." मग आवाज उतरवून म्हणे, "पांढरं कर ना एक दीस."

"माझ्या हातात आहे का ते?"

"मंग कुणाच्या हाय? तूच तं चढवतीस."

ती हसत उठून जाई, पण दिवसभर ते माझ्या मनातून जात नसे. मला पांढरे हवे होते. जनीपेक्षाही मला हवे होते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी चौकी सारवली. पाडवा झाला की दोन दिवसांनी साहेब पाहणीला येणार होते. नळ्यांची काच पुसली. ओल्या नळीची वात काळवंडून चिकट झाली होती, ती फार घाणेरडी दिसे. यांच्या नव्या बंडीचे मांजरपाट उरले होते. त्याची स्वच्छ पट्टी कापून मी नवी वात गुंडाळली, दोऱ्याने आवळली, वाटी धुऊन काठोकाठ भरली. किती नीटस दिसत होते ते! कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, ते धुतल्याशिवाय पाणी घेत नाही, हे कोणत्या बाईला ठाऊक नाही? मला ठाऊक होते. कोऱ्या कापडाचे लंगोटसुद्धा मी दोनदा उकळून मग बाळंतिणीला देत असे. पण नळीपाशी उभी राहिले की मी बाई राहत नसे, मी खात्याचे माणूस होई, आणि बाईला जे कळते ते त्या वेळी मला आठवलेच नाही.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून हे गेले. दहाची गाडी घाटाला लागली. जनी पायरीवर बसली होती. मी कोरडी नळी वाचली: त्र्याण्णव. ओली वाचली: ब्याण्णव.

एकाच अंशाचा फरक! कालपर्यंत वीस होता. मी पुन्हा वाचले. माझ्या ओठांची साल निघत होती, हे मला जाणवत होते. आदल्या संध्याकाळी माथेरानच्या माथ्यावर ढगाची एक पट्टी दिसली होती, तिची ओल असेल, असे मी मनाशी म्हणाले. हात वातीकडे गेला. बोट लावले असते तर कळले असते.

"काय गं बाय?" जनी म्हणाली. "का थांबलीस?"

मी हात मागे घेतला आणि वहीत लिहिले. मग पांढरे फडके काढले. ते किती दिवसांनी घडीतून निघत होते. जनीने ते बघितले आणि लाकडाचा भारा तिथेच टाकून ती वाडीकडे पळत सुटली.

घटकाभराने पदू अंगणात आला. हातात पाल्याचा चुरा होता. "बाय, माझ्या मुठीत तं पीठ व्हतंय."

मी दाराआड. आतून बोटाने बांबूकडे दाखवले.

तो निशाणाकडे बघत राहिला. "सायेबाची काच माझ्यापरीस श्यानी असंल," तो म्हणाला आणि हात झटकून खाली गेला.

वाडीचे राब पेटले. आधी सरळ, निळसर, संथ धूर वर जात होता. मी पुरणाला हात घातला. दुपारी खालून वारा चढू लागला, आणि धूर पाठीला वाक आल्यासारखा डोंगराकडे झुकला. मग तो आवाज आला. तो मी कसा लिहू? कोणी आभाळभर कोरे कापड टराटरा फाडत आहे असा. मी बाहेर आले तेव्हा जाळरेषेच्या वरच्या बाजूला सागाचा पाला पेटला होता, आणि चढावर आग माणसासारखी चालत नाही, ती धावते. वाडीतली सगळी माणसे हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपत होती. पदू सगळ्यांच्या पुढे होता. मी आडावरून कळशा आणून ओतत राहिले. जिथे ओतले तिथे वाफ, आणि चार हात पलीकडे पुन्हा ज्वाळा. हे धुरातून धावत आले. भुवया जळलेल्या, आणि पहिले वाक्य: "निशाण कोणतं होतं?"

मी म्हणाले, "पांढरं."

हे बांबूकडे बघत उभे राहिले. पांढरे फडके धुराने राखाडी झाले होते.

दुसऱ्या दिवशी वरच्या कातळाला टेकून आग आपणच विझली. माणूस कोणी गेले नाही. वाडीच्या मोहाची झाडे गेली, गवताची उडवी गेली, पदूच्या दोन्ही तळहातांना फोड आले. डोंगर असा काळा झाला की त्याच्याकडे बघताना आपणच उघडे पडल्यासारखे वाटे. संध्याकाळी नेहमीच्या सवयीने मी वाटीत पाणी घालायला गेले. एरवी दिवसभरात पाणी चांगले बोटभर उतरे. वाटी काठोकाठ भरलेली होती, मी भरली होती तशीच.

मी वातीला बोट लावले. ती कोरडी आणि कडक होती.

यांना सांगितले. हे पायरीवर बसले. मग म्हणाले, "बोलू नकोस कोणाला. नोंद माझ्या सहीची आहे. तू वाचलंस म्हटलं तर विचारतील, गार्ड कुठे होता."

"आणि पदू?"

"त्याला काय होतंय? निशाण पांढरंच होतं."

मला ते खरे वाटले, कारण खरे वाटायला हवे होते.

साहेब आले. ओटीवर खुर्ची टाकली. अंगणात पदू उकिडवा, हातांना तेलाच्या चिंध्या. मागे जनी आणि वाडीची चार माणसे.

"सायेब, निशान पांढरं व्हतं," पदू म्हणाला.

"होतं." साहेबांनी वही उघडली. "त्र्याण्णव आणि ब्याण्णव. हवेत इतकी ओल असताना राबाची आग जाळरेषा ओलांडून डोंगर खात नाही. म्हणजे आग राबाची नव्हे, कोणीतरी रानात लावलेली. नव्या गवतासाठी लावता तुम्ही, मला ठाऊक आहे."

"सायेब, माझी दोन शेरडं हायत. त्यास्नी येवढा डोंगर कशापायी लागंल?"

मागे कोणी हसले. साहेब हसले नाहीत. "आकडा कोणाची भीड धरत नाही. तुझी दळी काढून घ्यावी लागेल."

जनीने तोंडात पदर कोंबला. मी दाराआड उभी होते. माझाच आकडा, माझ्याच वळणाचा त्र्याण्णव, आणि तो पदूच्या विरुद्ध साक्ष देत होता. हे खांबाला धरून उभे, खाली मान. एकदा यांनी दाराकडे पाहिले. नको, असे ते पाहणे होते. मला अजून ते पाहणे आठवते.

मी डोक्यावरून पदर घेतला आणि बाहेर आले. नळीची वात सोडली आणि साहेबांच्या पुढे वहीवर ठेवली. वाटीतले बोटभर टोक भिजलेले, वरची सगळी पट्टी कडक. साहेबांनी ती चिमटीत धरली. मग वाकवली. ती कागदासारखी मोडली.

"हे कोणी लावलं?"

"मी." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "खळ धुतली नव्हती."

"आणि नोंद?"

"रोज मीच करते. हे फिरतीवर असतात."

साहेबांनी ती पट्टी बोटांत फिरवली. मग त्या दिवसाच्या नोंदीवर आडवी रेघ मारली, वही मिटली आणि नळ्या उतरवून पेटीत घालायला सांगितल्या. पदूची दळी राहिली. पंधरा दिवसांत यांची बदली कर्जतला लाकडाच्या वखारीवर झाली, चौकी गेली, बढतीचे नाव गेले. हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताटावर बसता बसता म्हणाले, "बंडी तरी नीट बसली असती म्हणजे झालं असतं," आणि जेवले.

मी नंतर पुष्कळ विचार केला. रानाला आग लागायची ती कशाने? ऊन, वारा, वाळलेला पाला, चढ. हे सगळे पाटीवर मांडलेले होते, आणि ते चुकीचे नव्हते. अजूनही मला ते बरोबरच वाटते. पांढरे निशाण एखाद्याला किती हवे आहे, हे मोजायला मात्र पाटीवर रकाना नव्हता. कोरड्या नळीला आणि ओल्या नळीला मन नाही. वाचणारीला असते. म्हणून अजून वारा फिरला की मी लुगडे एकदा चाचपते, आत जाऊन येते, पुन्हा चाचपते. माझ्या बोटांवर माझा विश्वास उरलेला नाही, आणि बोटांशिवाय दुसरे काही माझ्याजवळ नाही.

चौकी सोडून निघालो त्या दिवशी पदू आणि जनी बोचकी घेऊन रस्त्यापर्यंत आली. काळ्या डोंगराखालून जाताना पायांखाली राख उडत होती. हे गाडीवाल्याशी बोलायला पुढे गेले. पदूने बोचके उतरवले. तळहातांची नवी कातडी गुलाबी, गुळगुळीत झाली होती.

"बाय, एक इचारू?" तो म्हणाला. "त्या दिशी काच वाचलीस, तवा तुला काय शंका आली न्हवती ना?"

जनी माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले.

"बघ," पदू जनीला म्हणाला, "मी सांगत व्हतो ना तुला, बायला ठावं असतं तर तिनं पांढरं लावलंच नसतं." त्याचा चेहरा खरोखर हलका झाला. "झालं तर मंग. फसलो आपण समदेच."

त्या सकाळी पायरीवर बसून, का थांबलीस, असे जनीनेच विचारले होते. मी तिच्याकडे पाहिले. तिने माझे बोचके उचलून गाडीत ठेवले, दोर आवळला, आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "चल रं, ऊन चढतंय."